दाजींची एन. ए.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या दाजींच्या ओसरीवर एक मोठा गैरसमज झाला. जेवणे आटोपली होती. चिवड्याचा डबा उघडा होता आणि आमचा भाचा व अकोल्याचे जावईबापू यांचे कशावरून तरी जुंपले होते. दाजी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "बाबा, मी तर सांगतो, एन. ए.च घ्या. एन. ए.सारखं सुख नाही."

भाचा उसळून म्हणाला, "एन. ए.चे दिवस संपले आता!"

दाजी खाडकन् उठून बसले. "अरे, पण एन. ए. झाली कुठं? अर्ज तर मी केलाच नाई अजून!"

दाजींना वाटले, रस्त्याकडेच्या त्यांच्या तीन एकरांची गोष्ट चालली आहे. महाराष्ट्रात कोणत्याही शहाण्या माणसाला असेच वाटेल. शेताचा बिनशेती प्लॉट झाला की तो 'एन. ए.' होतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. परंतु मोटारींच्या शौकिनांत एन. ए. म्हणजे 'नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड', अर्थात आपला श्वास आपणच घेणारे इंजिन. त्याच्या उलट टर्बोवाले, म्हणजे ज्याच्या तोंडात पंख्याने हवा कोंबली जाते ते. या दोन पंथांत जेवढे वैर आहे तेवढे शैव-वैष्णवांतही नसेल.

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या अंकात हे इंजिनपुराण कशाला? फराळाचे काही लिहा. पण वाचकहो, आज मध्यमवर्गीय घरात घराच्या खालोखाल मोठी खरेदी मोटारीची असते. तिच्यात आयुष्याची पुंजी ओतताना माणूस रंग पाहतो, पडद्याचा आकार पाहतो, छपराला काच आहे का तेही पाहतो. इंजिन श्वास कसा घेते हे मात्र विचारीत नाही. आमच्या दाजींनी विचारले, म्हणून ही हकीकत.

दाजी देऊळघाटचे. पैनगंगेच्या काठचे हे गाव बुलढाण्याहून जवळच आहे. दाजी हायस्कूलमधून मास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांची जुनी मोटार चौदा वर्षे इमानाने चालली, पण आता तिच्या पत्र्याला भोके पडली होती. निवृत्तीच्या पैशांतून थोडे बाजूला काढलेले होते आणि नवी घ्यायची एवढे ठरले होते. यात खरी अडचण होती ती आमच्या अक्काची. अक्काला गाडी लागते. सपाटीवर तिचे ठीक चालते, पण घाट आला की पहिल्या तीन वळणांतच तिचा चेहरा पांढरा पडतो. अकोल्याला लेकीकडे जायचे तर बोथ्याचा घाट उतरून खामगाववरून जावे लागते, आणि येताना तोच घाट चढावा लागतो. दोन वर्षे अक्का अकोल्याला गेली नव्हती. नातवाच्या बारशालाही गेली नाही. गुडघ्याचे कारण सांगितले होते, पण गुडघे ठणठणीत होते, हे लेकीलाही ठाऊक होते. तिनेही कधी बोलून दाखवले नाही.

अशी एकंदर स्थिती होती. मोटारीचा सल्ला देणारे दोन तज्ज्ञ घरात हजर होते. एक पुण्याहून आलेले चिरंजीव आणि दुसरे जावई. दिवाळीत जावई म्हणेल ते खरे मानायचे असते, त्यामुळे चिरंजीवांची फार पंचाईत होत होती.

आता दोघांचे भांडण काय, ते आधी सांगतो. इंजिन म्हणजे चूलच आहे. पेट्रोल हे लाकूड. पण लाकूड कितीही घातले तरी हवा पाहिजे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे इंजिनाची ताकद ते पेट्रोल किती पिते यापेक्षा हवा किती घेते यावर ठरते. साध्या इंजिनात दट्ट्या खाली जातो, पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्याच दाबाने आत शिरते. जेवढी जागा तेवढी हवा. जास्त ताकद हवी असेल तर एक तर चूल मोठी करा, नाही तर दट्ट्या जास्त वेगाने नाचवा. एन. ए.वाले हेच करतात. म्हणून त्यांची इंजिने मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांवर गेल्याशिवाय खुलत नाहीत.

टर्बोची युक्ती वेगळी आहे. चुलीतून जो धूर जातो त्याच्याबरोबर लाकडातली जवळजवळ तिसरा हिस्सा ऊब फुकट जाते. तर त्या धुरावरच एक चक्र फिरवायचे, त्याच दांडीवर पलीकडच्या बाजूला एक पंखा बसवायचा, आणि त्या पंख्याने चुलीत हवा फुंकायची. म्हणजे आपल्याच धुरावर चालणारा लोहाराचा भाता! चूल लहान, पण जाळ मोठीचा. हे चक्र असते मुठीएवढे, आणि मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेते. अंगावर येणारा धूर नऊशे अंशांच्या आसपास तापलेला असतो आणि दांडीला आधार काय, तर तेलाचा एक पातळसा पापुद्रा. हे तेल लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

भाच्याचे म्हणणे आकड्यांचे होते. बाराशे सी. सी.चे साधे इंजिन 110 ते 115 न्यूटन-मीटर जोर देते, तोही चार हजार फेऱ्यांच्या पुढे. हजार सी. सी.चे टर्बो 170 च्या पुढे देते आणि पावणेदोन-दोन हजारांपासूनच देऊ लागते. "मामा, घाटात काय पाहिजे? खालचा जोर पाहिजे. इकडं दोन हजारांवर गाडी खेचत जाते, आणि यांची बोंबलत बसते."

जावईबापूंचा मुद्दा पायाचा आणि कानाचा होता. एन. ए.त पाय जितका दाबाल तितकेच मिळते, आणि लगेच मिळते. टर्बोत आधी पाय दाबायचा, मग धूर वाढायचा, मग चक्राने वेग घ्यायचा, मग हवा यायची. तोवर क्षण दोन क्षण काहीच होत नाही, आणि मग एकदम पाठीत धक्का. "आणि आवाज ऐकलाय का मामा? पाच हजारांवर एन. ए. गाते हो, गाते!"

खरे सांगायचे तर दोघेही बरोबर होते. शौकिनांच्या वादात हीच मोठी गैरसोय असते.

मीही आयुष्य यंत्रांतच काढले, तेव्हा माझ्या अंगातही वारे शिरले. मी त्यांना सांगितले, की ही भात्याची युक्ती कालपरवाची नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरने तिचे पेटंट 1905 सालीच घेतले. पुढे पहिल्या महायुद्धात विमाने उंच जाऊ लागली आणि विरळ हवेत त्यांची इंजिने धापा टाकू लागली, तेव्हा अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने 1918 साली एक विमानाचे इंजिन ट्रकवर घालून पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर नेले. उंची चौदा हजार फूट. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारे इंजिन वर नुसते चालवले तर 230 च्या आसपास आले. टर्बो जोडला आणि पुन्हा साडेतीनशेच्या वर गेले.

"म्हणजे आपल्या बुलढाण्याच्या उंचीवरही टर्बोच पाहिजे," भाचा टाळी देत म्हणाला. ते मात्र खरे नाही. बुलढाणा समुद्रापासून साडेसहाशे मीटरांवर. इथे हवा सहा-सात टक्के विरळ, आणि घाटाच्या पायथ्याशी त्यातलेही निम्मे अंतर तुटलेले असते. तेवढ्याने कोणाच्या इंजिनाला धाप लागत नाही. लडाखची गोष्ट निराळी.

मोटारीत टर्बो आला तो 1962 साली. अमेरिकेतल्या दोन मोटारी एकाच वर्षी निघाल्या. त्यांतल्या ओल्ड्समोबिल जेटफायरची कथा मोठी गमतीची आहे. हवा दाबून भरली की ती तापते, आणि पेट्रोल वेळेआधीच भडकून इंजिन ठोकू लागते. त्यावर कंपनीने उपाय काढला, की पाणी आणि मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत ठेवायचे आणि थोडे थोडे इंजिनात सोडायचे. नाव दिले टर्बो रॉकेट फ्लुइड. एखाद्या टॉनिकचेच नाव शोभावे! पण लोक ती बाटली भरायलाच विसरत. टाकी कोरडी पडली की मोटार आपला जोर आवरून घेई आणि मालक चिडत. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि प्रकरण मिटले. पुढे कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. यंत्र वाईट नव्हते. त्याने मालकाकडे एक लहानशी सवय मागितली, आणि मालकाला ती नको होती.

शर्यतींत तर हे वैर नियमांतच लिहिले गेले. फॉर्म्युला वनमध्ये 1966 पासून नियम असा होता, की साधे इंजिन असेल तर तीन लिटर आणि हवा कोंबणारे असेल तर दीड लिटर. दहा-अकरा वर्षे दीड लिटरच्या वाटेला कोणी गेले नाही. 1977 साली रेनोने टर्बो आणला, तो इतका धूर सोडी की लोक त्या पिवळ्या गाडीला चहाची किटली म्हणत. 1979 साली रेनोच्याच टर्बोने फ्रान्सची शर्यत जिंकली. मग सगळेच टर्बोवर गेले, ताकद आवाक्याबाहेर गेली, आणि 1989 पासून टर्बोंना बंदी झाली. 2014 साली ते परत आले तेव्हा प्रेक्षकांची पहिली तक्रार काय असावी? आवाज राहिला नाही! जावईबापू या ठिकाणी खुर्चीतून उठलेच.

दाजी एवढा वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "आमच्याकडं एकच इंजन होतं. नदीवरचं." त्यांच्या वडिलांनी पैनगंगेच्या काठावर ऑइल इंजिन बसवले होते. एक सिलिंडर, दोन मोठी चाके, हँडल मारून चालू करायचे. त्याच्या ठोक्यावर दाजी लहानपणी झोपत आणि ठोका चुकला की घरातून उठून वडील नदीवर धावत. त्या इंजिनाला ना पंखा ना भाता. तेही एन. ए.च म्हणायचे. जावईबापूंना फार आनंद झाला. सासरे आपल्या पंथाचे निघाले असे त्यांना वाटले. दाजी पुढे म्हणाले, "पण ते जागचं हलत नव्हतं हो. त्याला घाट कुठं चढायचा होता?"

आता एक गोष्ट मला या वादात नेहमी खटकते. लहान टर्बो इंजिने आपल्याकडे इतकी बोकाळली ती शौकिनांमुळे नव्हे, ती करामुळे. 2006 सालच्या अंदाजपत्रकात सरकारने लहान मोटारीची व्याख्या केली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन बाराशे सी. सी.च्या आत, डिझेल दीड हजारांच्या आत. तिला अबकारी कमी. पुढे जी. एस. टी. आला तरी ती रेघ तिथेच राहिली. 22 सप्टेंबर 2025 पासून तर रेघेच्या आतल्या पेट्रोल गाडीला 18 टक्के आणि बाहेरच्या मोठीला 40 टक्के. सरकार घागरीचा आकार मोजते, घागरीत पाणी दाबून भरले का ते पाहत नाही. मग कारखानदार काय करणार? घागर लहान ठेवणार आणि दाबून भरणार. तेव्हा चाकणला तयार होत असलेल्या फोक्सवॅगन पोलोत 2013 साली बाराशे सी. सी.च्या आतलेच इंजिन टर्बो लावून आले, त्याची ताकद 105 अश्वशक्ती. पुण्याच्या पोरांना त्याने वेड लावले. आमचा भाचा त्याच पिकातला. रांजणगावला होणाऱ्या टाटा नेक्सॉनचे पेट्रोल इंजिनही याच मापाचे. फॉर्म्युला वनचा दीड लिटर आणि आपला बाराशे सी. सी. यांच्यामागची अक्कल एकच आहे.

असो. बोलून वाद मिटेना, तेव्हा पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या बाहेर निघाल्या. खामगावला चांदीच्या बाजारात अक्काला नातवासाठी वाळे घ्यायचे होते, ते निमित्त झाले. चांदी म्हणजे खामगाव हे आमच्याकडे समीकरण आहे. वाळ्यांसाठी अक्का घाटालाही तयार झाली. जाताना ती जावईबापूंच्या गाडीत पुढे बसली, डोळे मिटून, हातात लिंबू. उतारावर दीड लिटरचे ते साधे इंजिन गिअरमध्ये चांगले अडवून धरत होते, ब्रेकवर फारसा पाय नव्हता. अक्का कशीबशी खामगावला पोचली. वाळे घेतले, आणि बाजारात जरा रंगही चेहऱ्यावर आला.

येताना अदलाबदल झाली. मी जावईबापूंबरोबर, दाजी आणि अक्का भाच्याच्या टर्बोत. बोथ्याचा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून चढतो. दोन्ही बाजूंना सागाचे रान, रस्ता वळणावळणाचा, आणि पुढे सरकी भरलेला एक ट्रक. जावईबापूंनी दुसरा गिअर टाकला, काटा साडेचार हजारांवर गेला आणि गाडी ट्रकच्या बाजूने नीट, मोजून मापून निघाली. पाय दाबला तितकी धावली, एक इंच जास्त नाही. मला मनापासून आवडले. इंजिन खरोखरच गात होते. जावईबापूंनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिले.

दोन वळणे पुढे भाच्याची गाडी कडेला उभी होती. अक्का खाली बसून कपाळ धरून होती. दाजी पाण्याची बाटली घेऊन उभे, आणि भाचा रानाकडे तोंड करून. काय झाले ते दाजींनी सांगितले. तिसऱ्या गिअरमध्ये वळणावर फेरे दीड हजारांच्या खाली आले, समोरून बस, मध्ये तोच ट्रक. भाच्याने पाय दाबला. काहीच झाले नाही. आणखी दाबला. मग टर्बो जागा झाला आणि गाडी उडी मारून सुटली. पुन्हा वळण, पुन्हा ब्रेक, पुन्हा तेच. चार वेळा असे झाले आणि अक्काच्या पोटातले सगळे वर आले.

जावईबापू काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलत होता. त्यांनी आपल्या गाडीचे दार उघडले. "आई, इकडे बसा."

अक्का म्हणाली, "नको बापू. तुमची लई ओरडते. जाताना कान बसले माझे."

शौकिनांनी हे वाक्य जपून ठेवावे. ज्या गाण्यावर जावईबापू जीव टाकीत होते ते अक्काच्या लेखी ओरडणे होते. घाट चढताना साध्या लहान इंजिनाला सारखे गिअर बदलावे लागतात. दर बदलाला मान पुढे जाते, मागे येते, आणि त्यावर चार हजार फेऱ्यांचा आवाज. चालवणाऱ्याला त्यात मौज आहे. शेजारी बसणाऱ्याला कोणी विचारले?

शेवटी दाजींनी टर्बोची किल्ली मागितली. भाच्याने दिली, जरा नाराजीनेच. मी मागे बसलो. दाजींनी चौदा वर्षे एकच गाडी चालवलेली, आणि त्याआधी बैलगाडी. त्यांनी पाय दाबलाच नाही, नुसता टेकवला. फेरे अठराशे ते बावीसशे यांच्यामध्ये ठेवले. वळणाच्या आधीच एक गिअर खाली घेतला, आणि ट्रकच्या मागे पाच मिनिटे शांतपणे राहिले. टर्बोला झोपूच दिले नाही, त्यामुळे त्याला दचकून जागे व्हावे लागले नाही. गाडी एखाद्या लिफ्टसारखी चढत होती. अक्काने एकदा डोळे उघडले, रान पाहिले आणि पुन्हा मिटले. लिंबू हातातच राहिले. अगदीच काही झाले नाही असे नाही. बुलढाण्यात आल्यावर म्हणाली, "थोडं मळमळतंय, पण चालंल."

भाचा उड्या मारू लागला. मी मात्र दाजींना सांगितले, थांबा. माझा सल्ला एन. ए.चाच होता आणि त्याला कारण होते. दाजींची रोजची धाव किती? घर ते शेत, घर ते बाजार, आठवड्यात दोनदा बुलढाणा. इंजिन पुरते गरम होण्याआधीच बंद. अशा वापरात तेल कधी नीट तापत नाही, त्यात पेट्रोलचा अंश उतरतो, आणि टर्बोची दांडी त्याच तेलावर तरंगते. वर्षातून दहा वेळा येणाऱ्या घाटासाठी रोजचे नाजूक लचांड घरात कशाला? जाहिरातीतले मायलेजही हलक्या पायाचे असते. पाय जड असेल तर लहान टर्बो मोठ्या इंजिनाइतकेच पितो.

माझे म्हणणे दाजींना पटले, आणि पटले म्हणूनच ते मला नाक्यावरच्या चाचांकडे घेऊन गेले. चाचा म्हणजे आमच्या भागातले जुने मेस्त्री. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक जळका टर्बो ठेवलेला होता. दाजींनी तो उचलून पाहिला. चाचांनी बोटाने चक्र हलवले, दांडी खळखळ वाजली.

"हा कोन्या गाडीचा?" दाजींनी विचारले.

"गाडीचा काय दोष नाय गुरुजी. मानूस उतावळा. घाट चढून यायचा, हाटेलासमोर गाडी लावायची आन् लगेच चावी काढायची. तेल थांबते, आग तशीच राह्यते. मंग तेल जळून आत कोळसा होते."

चाचांचे शास्त्र अगदी बरोबर होते. नव्या गाड्यांत टर्बोभोवती पाणी फिरते, काहींत इंजिन बंद झाल्यावरही पंप थोडा वेळ चालतो, त्यामुळे गावातल्या गावात फिरून आल्यावर थांबायची गरज नसते. पण घाट किंवा भरधाव रस्ता झाला की मिनिटभर इंजिन संथ चालू ठेवणे चांगलेच. चाचांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. तेल कंपनीने सांगितले तेच घालायचे, आणि वेळेच्या आधी बदलायचे. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत हवेचा फिल्टर पाहत जायचा, कारण त्या दिवसांत आमच्याकडे हवेत हवा कमी आणि भुसा जास्त असतो. पंखा दोन लाख फेऱ्यांनी फिरत असताना त्याच्यावर भुसा गेला तर काय होईल ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि टर्बो गेला तर नवा किती पडतो ते ऐकून दाजींनी पेपरवेट जागच्या जागी ठेवला.

"आन् साधं घेतलं तर?" दाजी.

"तर मले काम कमी," चाचा हसले. "तुमचं तुमी ठरवा गुरुजी. साधं इंजन मानसाच्या चुका पोटात घालते. हे घालत नाय."

परत येताना दाजी रस्ताभर गप्प होते. मला वाटले, जिंकलो. गुढीपाडव्याला त्यांचा फोन आला, की गाडी आणली. कुठली? टर्बो. "तुमचं सगळं खरं आहे हो," ते म्हणाले, "पण एन. ए. घेतली तर मी एकटाच फिरीन." गाडी त्यांनी घेतली ती 22 सप्टेंबर 2025 च्या आधी. त्यांना 28 अधिक एक, असा 29 टक्के कर पडला. पुढे 18 झाला तेव्हा त्यांनी मला फोन करून अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले ते इथे छापण्याजोगे नाही.

बाजाराला आणि शेतात मात्र ते गाडी नेत नाहीत. त्यासाठी जुनी स्कूटर बाहेर काढली आहे. इंजिन गरम होण्याइतके अंतर असेल तरच गाडी, असा त्यांनी नियम केला आहे. तेलाची तारीख कपाटाच्या दारावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेली असते. जावईबापूंना अजून वाटते, की सासऱ्यांनी धर्म बदलला. भाच्याची आपल्या वडिलांवर वेगळीच तक्रार आहे. एवढे इंजिन घेतले आणि बावीसशेच्या वर एकदाही नेले नाही!

अक्का आता महिन्या-दीड महिन्याने अकोल्याला जाऊन येते. लिंबू बरोबर असते. बोथ्याच्या पहिल्या वळणाला डोळे मिटते आणि शेवटच्या वळणानंतर उघडते. पण जाते.

मध्यंतरी मी देऊळघाटला गेलो तेव्हा ती दोघे अकोल्याहून नुकतीच येत होती. गाडी दारात लागली. अक्का पिशवी घेऊन उतरली, तिच्यात नातवाने रंगवलेले दोन कागद होते. कुलूप उघडून ती आत गेली, चहाचे आधण ठेवल्याचा आवाजही आला. मी गाडीजवळ जाऊन दार उघडू लागलो. इंजिन संथ चालूच होते. दाजी घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी खिडकीतून मला एक बोट वर करून दाखवले. अजून वीस सेकंद बाकी होते.